पहिली आवृत्ती समजून बसले होते

आत्याचं वाईचं घर रिकामं करायचं ठरलं आणि मे महिन्यात चार दिवस रजा टाकून मी एकटीच गेले, कारण दादा न्यूजर्सीत आणि बाकीच्यांना कामं. आत्या आता साताऱ्याला मुलीकडे असते. तिने फोनवर सांगून ठेवलेलं, माळ्यावरची पत्र्याची पेटी तेवढी बघून दे गं, बाकी काय ते भंगारवाल्याला घाल. पेटी उघडली तर डांबर गोळ्यांचा भपकारा, वर दोन इरकली लुगडी, आणि खाली पुस्तकं. सगळी लहान मुलांची. तीसेक असतील. निम्म्यांना कसर लागलेली, काहींच्या पिना गंजून पानांवर तपकिरी डाग पडलेले, आणि मधोमध लाल रेक्झिनमध्ये बांधलेली 'श्यामची आई'.

मुखपृष्ठ नाही. आतलं नावाचं पान, म्हणजे जिथे आवृत्ती, साल, किंमत असते, तेही नाही. सरळ प्रस्तावनेपासून सुरू. आणि भाषा बघितली तर सगळीकडे अनुस्वार, 'घरांत', 'नाहीं', 'त्यानें', 'कां'. मी तिथेच माळ्यावर मांडी घालून फोन काढला, पुस्तक कधीचं ते शोधलं तर १९३५. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत यातला बराचसा भाग लिहिला आणि पुस्तक निघालं १९३५ ला. बास, मला वाटलं हीच ती. त्यात कुठल्याशा साइटवर 'दुर्मिळ जुनी प्रत' म्हणून अठरा हजाराला एक लावलेली दिसली. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, दादाचा पाच मिनिटांत मेसेज, कुणाला देऊ नकोस, मी डिसेंबरमध्ये येतोय. वीस वर्षांत माळ्याचं नाव न काढलेला माणूस.

खरं तर मी सावध असायला हवं होतं, कारण वर्षभरापूर्वीच एकदा तोंड पोळलेलं. ऑनलाइन एकाकडून ३,२०० रुपयांना एक 'शंभर वर्षं जुनी' इसापनीती घेतलेली, फोटोत नावाच्या पानावर शके वगैरे छापलेले, पिवळट पान, एकदम अस्सल. घरी आल्यावर आठवडाभर मिरवली. मग एक दिवस पान उन्हात धरलं तर कसरीने पाडलेलं भोक दिसत होतं पण त्यातून पलीकडचं काही दिसेना. बोट फिरवलं तर भोकच नाही! काळा ठिपका. भोक छापलेलं. मूळ जुन्या प्रतीचे फोटो काढून ऑफसेटवर, म्हणजे खिळे न जुळवता फोटोवरनं छापायच्या यंत्रावर, जसंच्या तसं मारलेलं पुस्तक, त्यामुळे जुन्या प्रतीतली कसर, कुणीतरी पेन्सिलने मारलेली रेघ, शाईचा डाग, सगळं छापून आलेलं. मागच्या कव्हरवर एक पांढरं स्टिकर होतं ते नखाने काढलं तर खाली बारकोड आणि ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर. तेरा आकडी नंबर २००७ पासून आले, त्याआधी दहा आकडी असायचे. म्हणजे माझी शंभर वर्षांची इसापनीती वयाने माझ्या पुतण्याहून लहान. विकणाऱ्याला मेसेज केला तर तो म्हणाला मी कुठे म्हणलो ओरिजिनल आहे, जुनी आहे म्हणलो. असं पुनर्मुद्रण काढणं हा काही गुन्हा नाही हां, उलट चांगलंच काम आहे ते, फक्त त्यावर स्टिकर चिकटवून विकणं हा चोरटेपणा.

तर परत वाईला. समोरच्या आळीत एक आप्पा राहतात, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारा, कंपोझिटर. आत्यानेच सांगितलं, पुस्तकाचं काही विचारायचं तर आप्पांना विचार. मी पुस्तक घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला नाही, पुस्तक उघडलं नाही, म्हणजे उघडलं पण वाचलं नाही, एक पान चिमटीत धरून त्याच्या मागच्या बाजूवरनं अंगठा फिरवला. म्हणाले, खिळ्याचंच आहे. मलाही फिरवायला लावला. आंधळ्या माणसाच्या लिपीसारखं अगदी नाही, पण काहीतरी खरखर लागते, ओळीच्या ओळी उठलेल्या असतात मागून. खिळा कागदावर दाबला जातो तेव्हा असं होतं, ऑफसेटमध्ये पान सपाट राहतं. नंतर घरातली सगळी पुस्तकं मी अंगठ्यानेच चाळली, आता ती सवयच लागलीय, लग्नाच्या पत्रिकेवरनंही फिरवते.

मग मी त्यांना अनुस्वार दाखवले, म्हणजे माझा पुरावा. त्यावर ते जे बोलले ते मला फार आवडलं. म्हणाले, अहो ताई, अनुस्वार गेले ते बासष्ट साली, साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले तेव्हा. पण नियम आला म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या केसमधले, म्हणजे खणांच्या पेटीतले, खिळे बदलले का? जुने लेखक टिंबं मारूनच कॉपी पाठवायचे, आम्ही जुळवायचो. शाळेची पुस्तकं लगेच बदलली, बाकीची आपापल्या गतीने. म्हणजे अनुस्वार आहेत म्हणून पस्तीस साल असं होत नाही, 'बासष्टच्या आधीचं असेल बहुतेक' एवढंच होतं. आणि उलटं मात्र जास्त खरं, एखादं पुस्तक स्वतःला चाळीस सालचं म्हणवतंय आणि आत 'घरात', 'नाही' बिनअनुस्वाराचं आहे तर ते नंतर नव्याने जुळवलेलं आहे.

अजून एक गोष्ट त्यांच्याकडून कळली जी मला कुठल्या साइटवर मिळाली नसती. पुस्तक छापून झालं की खिळे मोकळे करून परत खणांत टाकायचे, कारण खिळे महाग, एवढे अडकवून ठेवणं परवडायचं नाही. म्हणून पुढची आवृत्ती निघाली की पुन्हा पहिल्यापासून जुळणी. त्यामुळे दोन आवृत्त्यांचं एकच पान शेजारी ठेवलं की ओळ कुठे तुटते ते वेगळं निघतं. ओळी तंतोतंत तिथेच तुटत असतील तर एक तर ती एकाच छपाईची प्रत आहे नाहीतर फोटो काढून मारलेली. आप्पांनी पानाच्या तळाशी बारीक अक्षरं पण दाखवली, ठराविक पानांनंतर पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं आणि आकडा, फर्म्याचा नंबर तो, फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा. बाइंडरला फर्मे क्रमाने लावायला. त्यावरनं मोजलं तर सुरुवातीचं थोडं सोडून सगळे फर्मे जागेवर होते, आणि अनुक्रमणिकेतल्या बेचाळीसच्या बेचाळीस रात्री (यातल्या प्रकरणांना रात्र म्हणतात) आत सापडल्या.

पण साल? साल अजून नाहीच.

ते सापडलं शेवटच्या पानावर. इतके दिवस मी पहिली पानं चाळत होते, कारण साल पहिल्या पानावर असतं असं आपल्या डोक्यात बसलेलं. शेवटी रेक्झिनच्या आत चिकटलेलं एक पान होतं, अर्धं डिंकाखाली, ते वाफेवर धरून हळूच सोडवलं (चहाच्या पातेल्यावर, कुणी तज्ज्ञ वाचत असेल तर माफ करा). ते निघालं जाहिरातीचं पान, 'आमची इतर प्रकाशने', खाली पुस्तकांची यादी आणि किमती. पहिलीच किंमत, १ रु. ५० न. पै.

न. पै. म्हणजे नये पैसे. पन्नाशीच्या खालच्यांना सांगायला लागेल, आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. नवा पैसा जुन्यापेक्षा वेगळा म्हणून त्याला 'नया' म्हणायचे, आणि १९६४ च्या जूनपासून ते 'नया' काढून टाकलं. म्हणजे ज्या छापील कागदावर न. पै. आहे तो या सात वर्षांतला. माझी १९३५ ची पहिली आवृत्ती एका फटक्यात निदान बावीस वर्षांनी तरुण झाली. खाली पत्ता होता त्यात नुसतं 'पुणे २', पिन कोड नाही, पिन आला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्यामुळे तेही जुळतंय. दादाला कळवलं. त्याने अंगठा पाठवला. डिसेंबरचं परत काही बोलला नाही.

या न. पै. ने मला इतकं वेड लावलं की मग पेटीतलं प्रत्येक पुस्तक मी किमतीकडून वाचायला लागले. एक पातळ गोष्टींचं पुस्तक होतं, पिना मारलेलं, त्यावर किंमत म्हणून '॥=' एवढंच. मला वाटलं छपाईची चूक. आप्पा हसले. उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे, दोन उभ्या म्हणजे आठ, आडवी रेघ एकेक आणा. ॥= म्हणजे दहा आणे. लहानपणी आजोबा किराणाच्या वहीत असं लिहायचे ते तेव्हा आठवलं, आम्हाला ते बरोबरचं चिन्ह वाटायचं. म्हणजे ते पुस्तक १९५७ च्या आधीचं, कमीत कमी किंमत तरी त्या आधीची. इथे पण एक गोम आहे, पुस्तकं पडून राहायची, विकली जाईपर्यंत पाच-सात वर्षं जायची, मग प्रकाशक जुन्या किमतीवर रबरी शिक्का नाहीतर कागदाची पट्टी चिकटवायचा. पेटीतल्या एकावर पट्टीवर 'रु. ३' आणि उजेडात धरल्यावर खाली '१ रु. २५ पै.' असं दिसतं. म्हणजे छपाई जुनी, विक्री नवी. अशी पट्टी दिसली की ओढून काढू नका, मी एक काढली आणि खालची किंमतच पट्टीबरोबर निघून आली.

दुसरा सापळा तारखांचा. प्रस्तावनेखाली जी तारीख असते ती लेखकाने प्रस्तावना लिहिली त्या दिवशीची, ती आवृत्तीमागून आवृत्ती तशीच छापत राहतात. 'पहिली आवृत्ती अमुक साली' ही ओळ पण विसाव्या आवृत्तीतही असते, ती वाचून लोक फोटो टाकतात, फर्स्ट एडिशन! आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हे शब्दसुद्धा आपल्याकडे प्रकाशक मनाला येईल तसे वापरतात, काही जण नुसतं तेच परत छापून 'सहावी आवृत्ती' म्हणतात, काही जण जाहिरातीपुरतं. आणि 'श्यामची आई'च्या बाबतीत तर अजून एक गंमत आहे, गुरुजी गेले ११ जून १९५० ला, आपल्या कायद्याने लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट, म्हणजे २०१० संपलं आणि पुस्तक सगळ्यांचं झालं. तोपर्यंत ते पुणे विद्यार्थी गृहाचं (आधीचं अनाथ विद्यार्थी गृह), त्यानंतर मात्र कुणीही काढतंय, बसस्टँडवर तीन-तीन वेगळ्या कव्हरांची मिळते. त्यामुळे भलत्याच प्रकाशकाची प्रत कुणी 'आजीच्या काळातली' म्हणून दाखवली तर आधी २०११ नंतरची धरायची आणि मग बाकीचं बघायचं.

पेटीत 'फास्टर फेणे' होता दोन भाग, ते बहुतेक आत्याच्या मुलांचे, पत्त्यात पिन कोड सहा आकडी, सपाट ऑफसेट छपाई, त्यात शोधायला काही नव्हतं. पण त्याची मागणी चांगली आहे असं नंतर कळलं, ८७ साली सुमीत राघवनची मालिका आली होती आणि २०१७ ला सिनेमा, दोन्ही वेळेला लोकांना एकदम आपला फुरसुंगीचा बन्या आठवला. मी बसून दोन्ही वाचून काढले, टॉक्क! कामाचा एक दिवस गेला.

खरी मजा आली ती रशियन पुस्तकांत. तीन होती, मराठीत, मोठ्या आकाराची, अजूनही रंग असे की कालच छापलेत. 'रादुगा प्रकाशन, मॉस्को'. आमच्या पिढीला ती माहीत आहेत, लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात नाहीतर प्रदर्शनात इतकी स्वस्त मिळायची की वाढदिवसाला सगळे तीच द्यायचे. त्यांच्यावर आपल्याकडची किंमत छापलेली नाही. पण शेवटच्या पानावर तळाशी रशियन अक्षरांत मुंगीएवढं काहीतरी. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर केलं तर सगळी कुंडली बाहेर, चित्रकार कोण, कुठल्या वयाच्या मुलांसाठी, 'मराठी भाषेत', छापायला कधी दिलं ती तारीख, आणि किंमत कोपेकमध्ये. आपल्या कुठल्याही प्रकाशकाने इतकं लिहिलं नसेल. आणि ते नसतं तरी नुसत्या नावावरून अंदाज आला असता, रादुगा हे १९८२ मध्ये प्रगती प्रकाशनातून वेगळं निघालं, आणि ९१ ला सोव्हिएत युनियनच गेलं त्याबरोबर ही पुस्तकं यायची थांबली. म्हणजे जेमतेम नऊ वर्षं. त्याच गोष्टीच्या आधीच्या प्रतीवर 'प्रगती' असेल तर ती आधीची, इतकं सोपं.

ठाण्याला परत आल्यावर रविवारी मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. १८९३ ची संस्था, लहानपणी वडील न्यायचे तिथे. मला दाते सूची बघायची होती. शंकर गणेश दाते म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी १८०० पासून छापलेल्या मराठी पुस्तकांची यादी केली, पहिला खंड १९३७ पर्यंतचा, दुसरा १९३८ ते ५०. जुन्या पुस्तकाचं काहीही शोधायचं असेल तर जाणकार आधी तेच उघडतात. लेखक, प्रकाशक, साल, पानं. एक माणूस गावोगाव ग्रंथालयं पालथी घालून हे लिहीत बसला आणि मी एका रेक्झिनच्या पुस्तकाने थकले होते. पण माझ्या प्रतीसाठी उपयोग शून्य, कारण सूची पन्नासला थांबते आणि माझं पुस्तक सत्तावन्नच्या पुढचं. दहा आण्याचं पुस्तक मात्र त्यात सापडलं, प्रकाशक तोच, पानं तेवढीच, त्या नोंदीसमोर पेन्सिलने टिंब ठेवायचा मोह झाला, ठेवलं नाही.

आता किमतीचं. पुण्यात जुनी पुस्तकं घेणारे एक काका आहेत, ओळखीतून गेले, दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. मी पिशवीतून एकेक काढत होते आणि ते काढतानाच दोन ढीग करत होते, एकही पुस्तक उघडून न बघता. मी विचारलं कसं ठरवता. म्हणाले, कव्हर आहे का नाही, बास, पहिलं तेवढंच. मराठी मुलांची पुस्तकं घेणारा अर्धा गिऱ्हाईक चित्रासाठी घेतो, दीनानाथ दलालांचं किंवा मुळगावकरांचं कव्हर असलं तर आतलं पुस्तक कुणाचंही असो. आणि त्यातही भिंग लावून बघतो. त्यांनी मला दाखवलं, दोन सारखीच कव्हरं, एक जुन्या ब्लॉकवरनं, म्हणजे चित्राच्या धातूच्या ठशावरनं, छापलेलं, लाल रंग सलग, साडीच्या काठाबाहेर केसभर सरकलेला. दुसरं नंतरचं, आधीच्या कव्हराचा फोटो काढून केलेलं, भिंगातून सगळं ठिपके ठिपके आणि रेघा जरा फुगलेल्या. दलाल ७१ ला गेले, पण चित्रं कितीतरी वर्षं पुढे छापली जात राहिली, म्हणून चित्रकाराच्या सहीवरनं साल काढायचं नाही, ती मेलेली माणसं पण कव्हरं करतात, असं ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

माझी 'श्यामची आई' त्यांनी हातात घेतली, रेक्झिन बघितलं, कडा बघितल्या. बाइंडरने नवी बांधणी करताना तिन्ही कडा कापलेल्या, त्यामुळे समास बारीक झालेला, एका ठिकाणी पानाचा आकडा अर्धा उडालेला. म्हणाले, ताई, याचे मी दोनशे देईन, ते पण तुम्ही लांबून आलात म्हणून. हे पुस्तक घराघरात होतं, जुनी प्रत मिळणं कठीण नाहीच, कव्हरासकट नीट प्रत मिळणं कठीण आहे. मी अठरा हजाराचं सांगितलं. त्यावर ते जे बोलले ते लक्षात ठेवण्यासारखं आहे, ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे, गेली दोन वर्षं ती तिथेच लागलीय मी पण बघतोय. दहा आण्याच्या पुस्तकाला, कव्हर फाटकं असूनही, सहाशे म्हणाले. रशियन तिन्हीला मिळून बाराशे, लगेच, रोख, कारण ती वाचत मोठी झालेली माणसं आता कमावती आहेत आणि त्यांना आपल्या मुलांसाठी हवीत. 'फास्टर फेणे'चे दोन मिळून तीनशे. म्हणजे जे मी सोनं समजून उराशी धरलेलं ते एवढं स्वस्त निघालं आणि जे भंगारात घालणार होते त्याला भाव. सेलोटेप लावलेली सहा पुस्तकं मात्र त्यांनी हातही न लावता परत पिशवीत टाकली. सेलोटेपचा डाग जात नाही आणि अक्षरं पण घेऊन जातो. कुणी घरी जुनं पुस्तक चिकटवत असेल तर हात जोडून सांगते, नका.

मी काही विकलं नाही. म्हणजे दोन जास्तीच्या प्रती दिल्या, रिक्षाचे पैसे सुटले.

एक गोष्ट राहिलीच. 'श्यामची आई'च्या आतल्या बाजूला बक्षिसाची चिठ्ठी चिकटवलेली आहे, शाळेची, चौकटीत फुलांची नक्षी. 'कु. सुमन हीस, इयत्ता चौथीत पहिला नंबर आल्याबद्दल. वैशाख, शके १८८३.' शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९६१, वैशाख म्हणजे एप्रिल-मे, निकालाचे दिवस. म्हणजे पुस्तक ५७ च्या एप्रिलनंतर आणि ६१ च्या मेच्या आधी छापलेलं, चार वर्षांची फट. यापुढे काही सरकेना. चिठ्ठी मी भिंगाखाली पण धरली, 'सुमन'च्या खाली काहीतरी खरवडलेलं दिसत होतं, कागद तिथे पातळ झालेला, आणि १८८३ मधला शेवटचा तीन बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड, शाई वेगळी. मास्तरांची दौत सांडली असेल म्हणून सोडून दिलं होतं.

परवा आत्याला फोन केला, सगळा रिपोर्ट द्यायला. दोनशे रुपये ऐकून ती इतकी हसली की मुलीने फोन घेतला, काय झालं म्हणून. परत फोनवर आल्यावर विचारते, मग कुठलं साल निघालं शेवटी? म्हणलं, सत्तावन्न ते एकसष्ट, त्याच्या आत काही कळत नाही, तुला बक्षीस मिळालं ते एकसष्ट.

"अगं पण ते पुस्तक माझं नव्हतंच मुळी," आत्या म्हणाली. "दत्तूचं होतं ते. माझ्या आदल्या वर्षीचा पहिला. त्याच्या वडलांची बदली झाली आणि समारंभाच्या आधीच गेले ते लोक गाव सोडून. वर्षभर मास्तरांच्या कपाटात पडून होतं. मग त्याचं नाव ब्लेडनं खरवडून माझं घातलं, आणि दोनाचा तीन केला. मी रडले होते घरी येऊन, दुसऱ्याचं बक्षीस दिलं म्हणून."

म्हणजे साठच्या मे महिन्यात पुस्तक कपाटात होतं. एक वर्ष कमी झालं.